मोठेपणी कोण होणार? किशोरवयात करिअरची ओळख कशी घडते

पंधरा वर्षांच्या दोन मुलांना कोणीतरी नेहमीचाच प्रश्न विचारतो : मोठेपणी कोण होणार? मुलगा क्षणाचाही विलंब न लावता ‘इंजिनीअर’ असे सांगतो. मुलगी थोडी घुटमळते आणि म्हणते, ‘अजून नक्की ठरलं नाही. आधी शिक्षिका व्हावंसं वाटायचं, आता प्राण्यांच्या दवाखान्यात काम करावंसं वाटतं, पण तिथलं काम नेमकं काय असतं ते मला अजून बघायचं आहे.’ विचारणारी मोठी माणसे मुलाच्या उत्तराने निर्धास्त होतात आणि मुलीविषयी त्यांच्या मनात थोडी काळजी घर करते. या विषयावर गेल्या सहा-सात दशकांत झालेले संशोधन पाहिले, तर ही काळजी दोघांपैकी चुकीच्या व्यक्तीची केली जात आहे, असे म्हणायला पुष्कळ जागा आहे. उत्तर किती ठाम आहे, एवढ्यावरून मुलाची तयारी कळत नाही. ते उत्तर कोणत्या वाटेने आले आणि उद्या परिस्थिती पालटली तर ते मूल पुढे काय करू शकेल, हे पाहिल्यावर ती कळते.

मानसशास्त्रात या दोन गोष्टींसाठी दोन संकल्पना आहेत. पहिली व्यावसायिक ओळख. मला काय आवडते, काय जमते, कशाचे मोल वाटते आणि या सगळ्याशी कोणते काम जुळते, याचे स्वतःच्या मनातले चित्र म्हणजे ही ओळख. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी हे चित्र किती स्पष्ट आणि किती स्थिर आहे यावर भर दिला आणि १९८० मध्ये सहकाऱ्यांसह त्यासाठी अठरा विधानांची एक छोटी मोजपट्टी तयार केली. दुसरी संकल्पना करिअर अनुकूलनक्षमता. समोर आलेली कामे, एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जाताना होणारी ओढाताण आणि अनपेक्षित धक्के, या सर्वांना तोंड देण्यासाठी माणसाजवळ असलेली मानसिक शिदोरी, असे तिचे सोपे वर्णन करता येईल. मराठीत ‘जुळवून घेणे’ म्हटले की निमूटपणे सहन करण्याची छटा येते. ती येथे अभिप्रेत नाही. स्वतःला बदलणे आणि गरज पडल्यास परिस्थितीही बदलणे, असे दोन्ही अर्थ या शब्दात आहेत.

हा विचार कसा रुजला हे थोडक्यात सांगायला हवे, कारण जुना विचार अजूनही आपल्या बोलण्यात टिकून आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टनमध्ये तरुणांना व्यवसायाचे मार्गदर्शन करणारे फ्रँक पार्सन्स यांचे म्हणणे असे की, माणसाने स्वतःचे गुण ओळखावेत, व्यवसायांची माहिती घ्यावी आणि दोहोंची सांगड घालावी. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही मांडणी आजही उपयोगी आहे, पण किशोरवयाला ती पुरी पडत नाही, कारण सांगड घालण्यासाठी दोन्ही बाजू तयार असाव्या लागतात आणि पंधराव्या वर्षी त्यातली एक बाजू, म्हणजे खुद्द ते मूल, अजून घडत असते. डोनाल्ड सुपर यांनी नेमका हाच धागा पकडला. १९५१ मध्ये त्यांनी अमेरिकेतील मिडलटाउन या गावातील शाळकरी मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आणि ती मुले मोठी होईपर्यंत तो चालू ठेवला. नववीतल्या मुलांनी सांगितलेली व्यवसायाची पसंती फारशी टिकाऊ नसते, असे त्यांना आढळले. त्या वयात महत्त्वाचे ठरते ते भविष्याकडे पाहण्याचे, माहिती मिळवण्याचे आणि निर्णयाची तयारी करण्याचे वळण. या तयारीला त्यांनी करिअर परिपक्वता म्हटले.

‘परिपक्वता’ हा शब्द मात्र पुढे अपुरा वाटू लागला. फळ पिकावे तसे माणूस एका वयात पिकतो आणि मग प्रश्न मिटतो, असे त्यातून सूचित होते. प्रत्यक्षात नोकऱ्या बदलतात, उद्योग बंद पडतात, माणसाची आवडही बदलते. म्हणून आधी प्रौढांच्या संदर्भात सुपर यांनीच १९८१ मध्ये एडवर्ड नासेल यांच्यासह अनुकूलनक्षमतेचा पर्याय सुचवला आणि १९९७ मध्ये मार्क सॅविकास यांनी तो मुलांपासून प्रौढांपर्यंत सर्वांसाठी मांडला. २०१२ मध्ये सॅविकास आणि एरिक पोर्फेली यांनी १३ देशांतील संशोधकांच्या साहाय्याने तयार झालेली मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत २४ विधाने आहेत आणि ती चार क्षमतांमध्ये प्रत्येकी सहा अशी विभागलेली आहेत.

या चार क्षमतांची नावे साधी आहेत. त्यांच्या अभावी काय होते हे पाहिले की त्यांचा अर्थ अधिक चांगला उमगतो. पहिली आहे भविष्याची आस्था : आज मी जे करतो त्याचा उद्याशी संबंध आहे, ही जाण. ती नसेल तर मूल बेफिकीर होते. सुट्टीत काय करावे, कोणता विषय निवडावा, याने काही फरक पडतो असे त्याला वाटतच नाही. दुसरे आहे नियंत्रण : निर्णयाची सूत्रे माझ्या हातात आहेत आणि परिणामांची जबाबदारीही माझी आहे, ही भावना. ती क्षीण असेल तर निर्णय लांबणीवर पडत राहतो किंवा दुसऱ्यावर सोपवला जातो. तिसरे कुतूहल : स्वतःविषयी आणि कामांच्या जगाविषयी शोध घेण्याची वृत्ती. कुतूहल नसलेले मूल व्यवसायाचे काल्पनिक चित्र मनात धरून बसते आणि प्रत्यक्षाशी त्याचा मेळ बसत नाही. चौथा आत्मविश्वास : अडचण आली तरी मी ती सोडवू शकेन, असा भरवसा. तो नसेल तर सगळे कळत असूनही पाऊल उचलले जात नाही. एखाद्या मुलाला ‘करिअरची समस्या आहे’ असे म्हटले जाते तेव्हा या चारपैकी नेमके काय कमी आहे, हे विचारणे फार गरजेचे असते. ज्याला आत्मविश्वासाची उणीव आहे त्याच्यासमोर माहितीपत्रकांचा ढीग ठेवून उपयोग होत नाही. ज्याला कुतूहलच नाही त्याला ‘तू करू शकतोस’ असे सांगत राहणेही तितकेच व्यर्थ जाते.

या सगळ्याची सुरुवात किशोरवयाच्या बरीच आधी होते. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मुले व्यवसाय निवडण्याआधी व्यवसाय वगळायला शिकतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठी माणसे कामे करतात एवढे कळते. सहा ते आठ या वयात ‘हे मुलांचे काम, ते मुलींचे काम’ अशी विभागणी मनात पक्की होते आणि दुसऱ्या बाजूची कामे यादीतून गळतात. नऊ ते तेरा या वयात समाजातील प्रतिष्ठेची जाणीव येते. आपल्यासाठी फार ‘खालची’ वाटणारी आणि फार ‘अवघड’ वाटणारी कामे वगळली जातात. स्वतःच्या आवडीनिवडींचा आणि स्वभावाचा विचार सुरू होतो तो चौदाव्या वर्षानंतर. म्हणजे ‘तुला काय आवडते?’ असे आपण गंभीरपणे विचारतो तेव्हा निवडीचे मैदान आधीच आक्रसलेले असते आणि ते कोणी आक्रसले हे मुलालाही ठाऊक नसते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ च्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मूल्यमापनाच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात याची खूण दिसते. ४१ देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांना तिसाव्या वर्षी आपण काय करत असू असे विचारले, तेव्हा ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली अवघ्या दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एकाचे नाव सांगत होत्या. जगात कामांचे प्रकार हजारोंनी आहेत, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ अधिक बोचतो.

आता ओळखीकडे वळू. किशोरवय म्हणजे ‘मी कोण?’ या प्रश्नाचे वय, हा विचार एरिक एरिक्सन यांनी रुजवला आणि तरुणांना सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे व्यवसायाविषयीची ओळख निश्चित न होणे, असेही त्यांनी नोंदवले. त्यांच्या विचाराला तपासता येईल असे रूप जेम्स मार्शिया यांनी १९६६ मध्ये दिले. महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखती घेताना ते दोन गोष्टी पाहत : या व्यक्तीने पर्यायांचा खरोखर शोध घेतला आहे का, आणि तिने कशाशी तरी स्वतःला बांधून घेतले आहे का. यातून चार अवस्था निघतात. शोधही नाही आणि बांधिलकीही नाही, ते विखुरलेपण. शोध चालू आहे पण बांधिलकी अजून नाही, ती शोधावस्था. शोध घेऊन झालेली बांधिलकी म्हणजे साध्य झालेली ओळख. चौथी अवस्था अकाली निश्चितीची : शोध न घेताच केलेली बांधिलकी. आईवडिलांनी ठरवले, मोठा भाऊ तेच शिकला, सगळे मित्र तिकडेच जात आहेत, म्हणून मीही.

ही चौथी अवस्था बाहेरून फसवी दिसते. आरंभीच्या त्या मुलाचे ‘इंजिनीअर’ हे उत्तर साध्य झालेल्या ओळखीचेही असू शकते आणि अकाली निश्चितीचेही. नुसत्या उत्तरावरून ते ओळखता येत नाही. ओळखण्यासाठी पुढचा प्रश्न विचारावा लागतो : इंजिनीअर सकाळी कामावर गेल्यावर पहिले दोन तास काय करतो? आणखी कोणते पर्याय तू पाहिलेस आणि ते का सोडलेस? अकाली निश्चिती झालेल्या मुलाकडे पहिल्या प्रश्नाला धूसर आणि दुसऱ्याला काहीच उत्तर नसते. अशी मुले दुःखी असतात असे मुळीच नाही. पुष्कळदा ती शांत, समाधानी आणि घरच्यांची लाडकी असतात. अडचण येते ती पहिला मोठा अडथळा आल्यावर, कारण निवडलेली वाट बंद झाली तर दुसरी कशी शोधायची याचा सराव त्यांना मिळालेलाच नसतो. उलट शोधावस्थेतील मुलाची अस्वस्थता लगेच डोळ्यांवर येते. जेन क्रोगर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा शोधावस्थेत असलेल्यांचे प्रमाण साधारण एकोणिसाव्या वर्षापर्यंत वाढत जाते आणि मग उतरते, असे आढळले. तरुणपणात पोहोचल्यावरही मोठ्या संख्येने लोकांची ओळख पूर्णपणे साध्य झालेली नव्हती, हेही त्यात दिसले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ‘ठरलं नाही’ म्हणणारे मूल मागे पडलेले आहे, असे म्हणण्याला यात कोणताही आधार नाही.

पुढच्या संशोधकांनी शोध आणि बांधिलकी यांचीही फोड केली. शोध दोन प्रकारचा असतो : रुंदीचा, म्हणजे अनेक पर्याय चाचपून पाहणे, आणि खोलीचा, म्हणजे एक पर्याय हाती घेऊन तो आपल्याला कितपत मानवतो हे कसून तपासणे. बांधिलकीलाही दोन पायऱ्या असतात : आधी निर्णय घेणे आणि नंतर त्या निर्णयात स्वतःला मुरवून घेणे. यातला फरक कळण्यासाठी आरंभीच्या त्या मुलीच्या मागोमाग थोडे जाऊ.

समजा, तिला सुट्टीत पंधरा दिवस रोज काही तास प्राण्यांच्या दवाखान्यात थांबायची संधी मिळते. पहिल्या दिवशी तिला टेबलावरचा कुत्रा धरून ठेवायला सांगतात. तो थरथरत असतो आणि त्याच्या छातीचे ठोके तिला तळहाताला जाणवतात. रक्त पाहून आपल्याला काही होत नाही, हे तिला त्या आठवड्यात कळते. दुसऱ्या आठवड्यात मात्र तिला न कल्पिलेली गोष्ट दिसते : डॉक्टरांचा निम्मा वेळ प्राण्यांशी जात नाही, तो प्राण्यांच्या मालकांशी बोलण्यात जातो. घाबरलेल्या, कधी चिडलेल्या माणसांना एकच गोष्ट चार वेळा समजावून सांगताना तिचा जीव थकतो. एक म्हातारा कुत्रा बरा होणार नाही हे डॉक्टर त्याच्या मालकिणीला सांगतात, तेव्हा ही मुलगी दाराबाहेर जाऊन उभी राहते. त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे नमुने तपासले जातात. तिथे तिला पहिल्यांदा काचपट्टी दाखवतात, तेव्हा ती दोन तास हलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन आधी मागच्या खोलीत जाते.

त्या पंधरा दिवसांत काय घडले? तिने एक पर्याय खोलात तपासला. ‘मला प्राणी आवडतात’ हे एकच वाक्य घेऊन ती आत गेली होती. बाहेर येताना तिच्याजवळ बारीक तपशिलांची बरीच वाक्ये होती : रक्ताची भीती नाही, माणसांच्या तीव्र भावना दिवसभर झेलणे जड जाते, तपासणीचे एकाग्र काम मनापासून आवडते. तिचा मूळ बेत डळमळला आणि नेमक्या त्याच कारणाने तिची ओळख आधीपेक्षा स्पष्ट झाली. शिवाय ‘अनोळखी जागी गेले, विचारले, जमले’ हा अनुभव जमेस पडला, तो थेट आत्मविश्वासाच्या आणि नियंत्रणाच्या खात्यात गेला. ओळख आणि अनुकूलनक्षमता एकमेकींना कशा वाढवतात, ते इथे जवळून दिसते. कुतूहलामुळे शोध घडतो, शोधातून ओळखीचा एखादा कोपरा उजळतो, त्यामुळे भविष्याविषयी आस्था वाढते आणि मग पुढचा शोध अधिक नेमका होतो. रुमानियातील किशोरवयीन विद्यार्थ्यांची एकाच शैक्षणिक वर्षात तीन वेळा मोजणी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही या दोन गोष्टींचा परिणाम दोन्ही दिशांनी होत असल्याचे आढळले. त्याआधी २००९ मध्ये आंद्रेआस हिर्शी यांनी स्वित्झर्लंडमधील आठवीच्या ३३० विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. ज्यांची अनुकूलनक्षमता वर्षभरात वाढली, त्यांचे जीवनाविषयीचे समाधान आणि स्वतःच्या सामर्थ्याची जाणीवही वाढलेली त्यांना दिसली.

शोधासारखीच दिसणारी पण शोध नसलेली एक गोष्ट आहे आणि पालकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. बेल्जियममधील कोएन लायक्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिला वेगळे काढले : विचारांचे रवंथ. मूल रात्र-रात्र जागून ‘हे घेतलं आणि चुकलं तर? ते नाही घेतलं आणि पश्चात्ताप झाला तर?’ या फेऱ्यात अडकते, इंटरनेटवर याद्या वाचत राहते आणि दर फेरीनंतर अधिक गोंधळते. वरवर ते फार गंभीरपणे विचार करत असल्याचे दिसते, पण नवीन माहिती आत येत नसते आणि जुनी चिंताच पुन्हा पुन्हा चघळली जात असते. अशा मुलाला ‘अजून नीट विचार कर’ असा सल्ला देणे अपायकारक ठरू शकते. त्याला विचारापेक्षा एका छोट्या कृतीची गरज असते : त्या क्षेत्रातील एका माणसाशी अर्धा तास बोलणे, एक दिवस तिथे जाऊन बसणे, एक छोटे काम करून पाहणे.

व्यावसायिक ओळख मोजण्यासाठी २०११ मध्ये पोर्फेली आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या मोजपट्टीत आणखी एक सूक्ष्म भेद आहे. निर्णयाविषयीच्या अनिश्चिततेचे त्यांनी दोन भाग केले : आत्मशंका आणि लवचीकता. ‘मी कोणत्याच कामासाठी योग्य नाही’ ही आत्मशंका. ‘आज हे ठरवले आहे, पण पुढे नवे काही कळले तर मी फेरविचार करीन’ ही लवचीकता. दोघांच्याही तोंडी ‘नक्की सांगता येत नाही’ हेच शब्द येतात. पहिल्याच्या मागे भीती असते, दुसऱ्याच्या मागे मोकळेपणा. या दोन्हींची गल्लत झाली की लवचीक मुलाला आपण उगाच घाबरवतो आणि शंकेने पोखरलेल्या मुलाला ‘होईल सगळं ठीक’ असे म्हणून सोडून देतो.

आत्मशंकेच्या जागी स्वतःवरचा भरवसा येतो कुठून? अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेच्या जाणिवेचे, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे, चार स्रोत सांगितले : स्वतः केलेले यशस्वी काम, आपल्यासारख्या दुसऱ्या कोणाला यशस्वी होताना पाहणे, विश्वासातील माणसाचे प्रोत्साहन आणि त्या क्षणीची शारीरिक-मानसिक अवस्था. यांतला पहिला सर्वांत प्रभावी मानला जातो, आणि मोठी माणसे मात्र तिसऱ्यावरच भिस्त ठेवतात. मुलाला स्वतःच्या जबाबदारीवर तडीस नेता येईल असे खरे काम द्यावे लागते, मग ते शाळेतल्या कार्यक्रमाचा हिशेब ठेवणे असो, धाकट्याला गणित शिकवणे असो किंवा बिघडलेले यंत्र उघडून दुरुस्त करणे असो. त्या कामात त्याने काय बरे केले हे नेमक्या शब्दांत सांगितले, तर नुसत्या ‘शाब्बास’पेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार युलिया डीट्रिच आणि बेर्बेल क्राके यांनी २००९ मध्ये जर्मनीतील किशोरांच्या अभ्यासातून वेगळे केले : आधार, हस्तक्षेप आणि अलिप्तता. आधार शोधाला पूरक ठरतो. हस्तक्षेप आणि अलिप्तता यांचा संबंध निर्णयातील अडचणींशी आढळतो. विशेष म्हणजे ‘आम्ही त्याच्यावर काहीच लादत नाही, त्याचे त्याने ठरवावे’ असे अभिमानाने सांगणारे घर पुष्कळदा अलिप्ततेच्या रकान्यात जाते. मुलाला मोकळीक हवी असते, पण ती कोणीतरी शेजारी बसून ऐकत असताना हवी असते.

एक गोष्ट येथे स्पष्ट म्हटलीच पाहिजे. शोधाला वेळ, पैसा आणि ओळखीपाळखी लागतात आणि त्या सर्वांना सारख्या मिळत नाहीत. ज्या मुलाला लवकर कमवायला लागणे भाग आहे, त्याची अकाली निश्चिती ही त्याच्या स्वभावातील उणीव नव्हे. त्याच्यासमोर पर्याय आलेच नाहीत. अनुकूलनक्षमतेची भाषा बेफिकीरपणे वापरली तर ‘तूच जुळवून घ्यायला कमी पडलास’ असा सगळा भार मुलाच्या अंगावर टाकता येतो आणि संधी न देणारी व्यवस्था नामानिराळी राहते. म्हणून प्रत्यक्ष कामाच्या जागा पाहण्याची, तिथल्या माणसांशी बोलण्याची सोय शाळेनेच सर्वांसाठी करणे महत्त्वाचे आहे. ज्यांच्या घरी ती सोय आहे त्यांना ती तशीही मिळतेच.

मोजपट्ट्यांबाबतही सावध राहावे. एका दिवशी भरलेली प्रश्नावली त्या दिवसाचे चित्र दाखवते. दवाखान्यातल्या त्या मुलीला पहिल्या दिवशी विचारले असते, तर बांधिलकीचे गुण बरे आले असते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते घसरलेले दिसले असते आणि एखाद्याने ‘मुलगी गोंधळली’ असा शेरा मारून कागद मिटला असता. त्या वेळी ती सूक्ष्मदर्शकाचे भिंग आपल्या डोळ्याला जुळवत होती आणि शेजारच्या तंत्रज्ञाला विचारत होती की, हे काम करायचे तर पुढे काय शिकावे लागते.